शेंगदाणा उशिरा दिला की अ‍ॅलर्जी टळते? नाही, उलटंच होतं

‘अंडं दोन वर्षांपर्यंत नको, शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत नको, नाहीतर अ‍ॅलर्जी होईल’ हा सल्ला नव्या आईबाबांना अजूनही मिळतो. ही आजीबाईंची समजूत नव्हे बरं का! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २००० साली जोखमीच्या बाळांसाठी हे सुचवलं होतं. पुरेसा पुरावा नाही म्हणून २००८ मध्ये ते मागे घेतलं, पण सल्ला फिरतच राहिला.

२०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तो पार उलटवला. तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजण्याचा विकार) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, उरलेल्यांना अजिबात नाही. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांत सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांत जेमतेम ३ टक्के.

असं का? एक्झिमामुळे भेगाळलेल्या त्वचेतून घरातल्या धुळीतले अन्नकण आत शिरले, तर प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजू शकते. तेच अन्न आधी पोटातून गेलं, तर शरीर त्याला सरावतं. आनुवंशिकता आहेच, पण ‘आईने गरोदरपणी खाल्लं म्हणून झालं’ या आरोपाला आधार नाही.

वरचं अन्न सुरू झालं की शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट पातळ करून द्यावी. अख्खा दाणा घशात अडकतो. तीव्र एक्झिमा किंवा आधीचीच अ‍ॅलर्जी असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.