विमानात डोकं फिरतं ते ऑक्सिजनमुळे का?

विमानात प्रवाशांची हाणामारी झाल्याचा व्हिडिओ आला की मागोमाग दोन फॉरवर्ड हमखास येतात. एक, प्रवाशांनी गप झोपून राहावं म्हणून पायलट मुद्दाम ऑक्सिजन कमी करतो आणि त्याने काहींची सटकते. दुसरा, वर एक पेग म्हणजे खालचे दोन.

पहिली तर सरळ थाप आहे. कॉकपिटमध्ये ऑक्सिजनचा असा नळच नसतो, बहुतेक विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून बाहेरचीच हवा दाबून, थंड करून आत घेतात आणि एक झडप कमीजास्त उघडून आतला दाब सांभाळतात. त्या हवेत ऑक्सिजन जमिनीवर असतो तेवढाच, २१ टक्के. आणि पायलटही तीच हवा घेतो, मग तोच आधी पेंगायला नको का?

कमी असतो तो दाब. पाण्याची बाटली वर असताना संपवा, झाकण घट्ट लावा, उतरल्यावर बघा कशी चेपलेली असते. विमान ११ किलोमीटर उंचावर असलं तरी आत ८,००० फुटांवर असतो तेवढा तरी दाब ठेवावाच लागतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश. पोटातला गॅसही त्या हिशोबाने एक तृतीयांशाने फुगतो, शेजाऱ्यांनी समजून घ्यावं.

आता माझा आवडता भाग. दाब पावपट घटला म्हणजे रक्तातला ऑक्सिजनही तेवढाच घटायला हवा ना? मी एकदा कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून बसलो होतो, खाली ९८ आणि वर ९२. (शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाहीये का.) गंमत अशी की फुप्फुसात गेलेली हवा शरीर ओली करतं आणि त्या वाफेचा दाब पाऱ्याच्या ४७ मिलीमीटर एवढा असतो, तुम्ही कुठल्याही उंचीवर असा. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलीमीटर, त्यातून ४७ गेले तर फारसं बिघडत नाही, पण वर हातात ५६५च असतात आणि त्यातूनही तेच ४७ जातात, त्यात कार्बन डायऑक्साइड आपली जागा अडवून बसलेला. त्यामुळे वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, ऑक्सिजनचा दाब खाली १०० असेल तर वर ६० ते ६५ उरतो. घट जवळपास चाळीस टक्के! तरी बोटावर ९२ कसे?

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे. त्याच्या एका रेणूत ऑक्सिजनला बसायला चार जागा असतात. पहिला बसताना कुरकुर होते, पण तो बसला की रेणूचा आकारच बदलतो आणि पुढच्यांना बसणं सोपं जातं. त्यामुळे दाब आणि ऑक्सिजन यांचा आलेख सरळ रेषेत न येता इंग्रजी एससारखा येतो, वरच्या टोकाला पठार आणि साधारण ६० च्या खाली घाट. विमान आपल्याला पठारावरून चालवत घाटाच्या तोंडाशी आणून सोडतं. झोपलात की श्वास उथळ होतो, पिऊन झोपलात की आणखी. जर्मनीतल्या डीएलआर या संस्थेच्या २०२४ च्या प्रयोगात कमी दाबाच्या खोलीत लोकांना दारू पाजून झोपवलं तेव्हा ऑक्सिजन ८५ च्या आसपास आला होता. पण ते झोपले होते हो, भांडत नव्हते.

तेव्हा सगळं खापर विरळ हवेवर फोडता येत नाही. बोगोटा शहर २,६४० मीटरवर आहे, विमानातल्या ८,००० फुटांपेक्षा उंच, तिथे नवखा माणूस पहिल्या दिवशी धापा टाकतो, लोकांच्या अंगावर नाही जात. आणि २०२१ मध्ये अमेरिकेत विमानात धिंगाणा घालणाऱ्या प्रवाशांच्या जवळपास ६,००० तक्रारी आल्या, त्याआधी वर्षाला हजाराच्या आगेमागे यायच्या. विमानं तीच, दाब तोच. नवीन होता तो मास्क, बहुतेक तक्रारी त्यावरूनच्या.

आता तो पेग. रक्तातलं अल्कोहोल मोजलं तर वर काही दुप्पट भरत नाही. घोळ वेळेचा आहे. शेवटच्या घोटानंतर रक्तातलं प्रमाण शिगेला पोचायला अर्धा ते दीड तास लागतो, म्हणजे गेटवर नाव पुकारल्यावर घाईघाईत रिचवलेले दोन पेग बोर्डिंगच्या वेळी पोटातच असतात, गडी सरळ चालतो, आणि विमान वर स्थिरावलं की ते चढतात. मग बोल लागतो वर मिळालेल्या त्या एका छोट्या पेगाला.

स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दारू चढल्यावर डोक्यात जे होतं त्याला अल्कोहोल मायोपिया म्हटलं. लक्षाचा घेर आकसतो, नाकासमोरचं तेवढं मोठं दिसतं आणि पुढे काय होईल ते धूसर होतं. (सिगरेटवाल्याचं डोकं दारू न पिताही तापतं, सिगरेट ओढता आली नाही की रक्तातलं निकोटिन दर दोनेक तासांनी निम्मं होत जातं आणि चिडचिड वाढत जाते.)

बाकी ‘बिझनेस क्लासवाल्यांना बघून गरिबांचा जळफळाट’ हे थोडं जपूनच घ्या. २०१६ च्या एका अभ्यासात पुढे फर्स्ट क्लास असलेल्या विमानांत इकॉनॉमीतल्या धिंगाण्याच्या घटना जवळपास चौपट निघाल्या, मथळे झाले, मग संख्याशास्त्राच्या लोकांनी त्यातल्या गणितावर आक्षेप घेतले. आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या हिशोबाने २०२२ मध्येही साधारण ५६८ उड्डाणांमागे एकच घटना होती, इतक्या विरळ गोष्टीत आकडे कुठेही झुकतात.

मला विचाराल तर जागेचं बघा. आपल्यापासून ४५ सेंटीमीटरच्या आत आपण फक्त जवळच्यांना येऊ देतो असं एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं, आणि इकॉनॉमीची सीट असते त्रेचाळीसेक सेंटीमीटर रुंद. रस्त्यावर डोकं तापलं तर माणूस निघून जातो, चार पावलं चालून येतो. इथे मधली सीट, बेल्टचा दिवा लागलेला, वाटेत ट्रॉली उभी, गेटवरचे दोन पेग आत्ता कुठे चढायला लागलेत आणि पुढच्याने बटण दाबून सीट मागे टाकलीये.