उत्पादन जीवनचक्र व्यवस्थापन प्रणाली : संरचना

उत्पादनाची कल्पना, अभिकल्प, निर्मिती, देखभाल आणि अखेर निवृत्ती या सर्व टप्प्यांवरील तांत्रिक माहिती एका सूत्रात राखणारी संगणकीय प्रणाली. उद्योगात ती ‘पीएलएम’ (प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट) या आद्याक्षरांनीच ओळखली जाते.

‘उत्पादन जीवनचक्र’ ही संज्ञा विपणनशास्त्रातही आहे. थिओडोर लेव्हिट यांच्या १९६५ च्या लेखामुळे ती विशेष प्रसिद्ध झाली. परंतु तिथले चक्र विक्रीच्या चढउताराचे असते. अभियांत्रिकीतले चक्र वस्तूविषयीच्या माहितीचे असते. नाव सारखे असले तरी दोन्हींची गल्लत करू नये.

पीएलएम प्रणालीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. पुष्कळदा त्याचे श्रेय अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशनला देतात. मोठ्या स्पर्धकांपुढे तुटपुंजे बळ असलेल्या या कंपनीने साधारण १९८५ पासून, फ्रान्स्वा कास्तँ यांच्या नेतृत्वाखाली, संगणकावर रेखाटन आणि सर्व ड्रॉइंगांचा मध्यवर्ती साठा या दोन मार्गांनी विकासकाळ घटवला. पुढे जीप ग्रँड चेरोकी म्हणून आलेली गाडी त्यातूनच घडली. १९८७ मध्ये क्रायस्लरने ही कंपनी घेतली. मात्र ‘पीएलएम’ हे नाव स्थिरावले ते इ. स. २००० च्या आसपास, आणि आजच्या प्रणालींचे प्रत्यक्ष पूर्वज म्हणजे १९८० च्या दशकातील ड्रॉइंग सांभाळणारी ‘पीडीएम’ (प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट) सॉफ्टवेअरे. त्यामुळे एका कंपनीला जनकत्व देण्यापेक्षा अनेक कारखान्यांच्या समान गरजेतून ही प्रणाली वाढली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

संरचनेचा पाया एका भेदावर उभा आहे : भाग वेगळा, त्याची फाईल वेगळी. गिअरबॉक्सचे झाकण हा भाग; त्याचे त्रिमितीय प्रतिमान, ड्रॉइंग, चाचणी अहवाल या त्याविषयीच्या फाईली. फाईली ‘व्हॉल्ट’ नावाच्या नियंत्रित साठ्यात जातात. भागाचा क्रमांक, धातू, स्थिती आणि इतर भागांशी नाते ही माहिती रिलेशनल (परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या) डेटाबेसमध्ये राहते. याच भेदाला जोडून दुसरा : भागाची ओळख कायम, अवस्था बदलती. मूळ नोंदीखाली अ, ब, क अशा रिव्हिजन, आणि प्रत्येक रिव्हिजनच्या पोटात कामचलाऊ आवृत्त्या. सीमेन्सच्या टीमसेंटर या पीएलएम सॉफ्टवेअरमध्ये हे ‘आयटेम’ आणि ‘आयटेम रिव्हिजन’ या जोडीतून दिसते, तर पीटीसीच्या विंडचिलमध्ये ए.१, ए.२ अशा क्रमातून. एकाने चेक-आउट केलेली, म्हणजे बदलासाठी स्वतःकडे घेतलेली, वस्तू दुसऱ्याला बदलता येत नाही. ‘रिलीज’ झालेली, म्हणजे वापरासाठी मंजूर झालेली, रिव्हिजन गोठते आणि पुढचा बदल मंजूर आदेशानेच होतो. आकार, जुळणी किंवा कार्य बदलून नवा भाग जुन्याच्या जागी निर्धोक बसत नसेल, तर रिव्हिजन न वाढवता नवा क्रमांक द्यावा, असा संकेत आहे. तो निर्णय अभियंत्याचा. प्रणालीवर सोपवणे धोक्याचे.

बीओएम (बिल ऑफ मटेरिअल्स, म्हणजे उत्पादनात लागणाऱ्या सर्व भागांची मांडणी) यादीसारखी छापली जात असली, तरी आत ती नात्यांची जाळी असते. शंभर जुळण्यांत लागणारा बोल्ट एकदाच नोंदला जातो. किती नग, कुठल्या जागी, हे भागावर नव्हे तर नात्यावर लिहिलेले असते. म्हणूनच ‘हा बोल्ट कुठे कुठे वापरला आहे’ या उलट प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते. अभिकल्पकाची बीओएम कार्यानुसार, कारखान्याची जोडणीच्या क्रमानुसार मांडलेली असते. ग्रीस, रंग यांसारख्या बाबी बहुधा दुसरीतच येतात. या दोहोंचा मेळ राखणे हे रचनेतले सर्वांत अवघड काम होय. सर्व पर्याय सामावणाऱ्या रचनेला ‘१५० टक्के बीओएम’ म्हणतात. तीतून विशिष्ट गाडीची रचना पर्यायांनुसार गाळून काढतात, आणि तारखेनुसार किंवा अनुक्रमांकानुसार कोणता बदल कधीपासून लागू, हेही ठरवता येते.

प्रणालीचे स्तर साधारण चार : वापरकर्त्याचा, वेबचा, व्यवसायनियमांचा आणि साठ्याचा. नोंदी नियमांच्या स्तरातून जातात. अवजड फाईली मात्र जवळच्या स्थानिक साठ्यातून थेट पोहोचवतात, अन्यथा दूरच्या शहरात प्रतिमान उघडण्यास फार वेळ लागतो. विंडचिल १९९८ पासून वेबवर उभारलेली आहे. ॲरास या आणखी एका पीएलएम-निर्मात्या कंपनीने माहितीचे प्रतिमान चालू प्रणालीतच बदलता येईल अशी मांडणी निवडली. मेघसेवेवरील आवृत्त्यांतही गाभा बहुतांशी हाच आहे.

केवळ सामाईक साठा पुरत नाही, हे एअरबस ए-३८० च्या २००६ मधील दिरंगाईतून दिसले. हॅम्बुर्ग व तुलूझ येथील गट कॅटिया या अभिकल्प-सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या पिढ्या वापरत होते. तारांचे जुडगे प्रत्यक्ष विमानात नीट बसेनात. व्यवस्थापनाचे दोषही सांगितले जातात, तथापि प्रतिमानांतील विसंगती हे मुख्य कारण मानणे योग्य. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांतील प्रतिमानांच्या देवघेवीसाठीचे स्टेप हे मानक, म्हणजे आयएसओ १०३०३, १९९४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्याचा एपी २४२ हा भाग २०१४ चा.

पुण्यात पीटीसी, सीमेन्स व दासो (कॅटियाची निर्माती) यांची विकासकेंद्रे असून या प्रणालींचे बरेच काम तिथे होते.