गुलाबांच्या युद्धातले सैनिक रंगवताना: ज्याचं मीठ त्याचा रंग

टेबलावर लढाया खेळायचे २८ एमएमचे छोटे पुतळे, त्यातले मध्ययुगीन इंग्लिश सैनिक रंगवायला घेतले की पहिला प्रश्न हाच, यांच्या अंगावर रंग कोणता द्यायचा? गुलाबांचं युद्ध म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांचं भांडण, म्हणून बरेच जण यॉर्कवाले सगळे एका रंगात आणि लँकेस्टरवाले सगळे दुसऱ्या रंगात असं करून मोकळे होतात. टेबलावर दिसतं छान, पण १४५५ ते १४८७ च्या त्या सगळ्या मारामारीत असं दोन रंगांत वाटलेलं सैन्य कधी उभंच राहिलं नाही.

तेव्हा सैनिकांच्या अंगावर असायची ती आपापल्या सरदाराची लिव्हरी. हा शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ साधारण 'दिलेलं'. मोठा सरदार पदरच्या माणसांना जेवणखाण, मेणबत्त्या, कापड असं जे काय वाटायचा ते सगळं लिव्हरी. हळूहळू बाकीचं मागे पडलं आणि त्या शब्दात कापड तेवढं राहिलं. म्हणजे अंगावरचा रंग एवढंच सांगायचा की हा गडी कोणाचं मीठ खातो, गादीवर कोण बसावं याच्याशी त्या रंगाचा थेट संबंध नाही.

एकसारखे कपडे त्याआधीही होतेच. १३४६ च्या सुमारास, क्रेसीच्या मोहिमेच्या वेळी, इंग्लंडचा युवराज ब्लॅक प्रिन्सने चेशर आणि फ्लिंटशरच्या तिरंदाजांसाठी हिरवं-पांढरं कापड काढलं होतं. मग १३८५ मध्ये दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर निघाला तेव्हा हुकूम निघाला की प्रत्येकाने छातीवर आणि पाठीवर सेंट जॉर्जचा मोठा लाल क्रॉस लावायचा. त्यामुळे अ‍ॅजिनकोर्टचं, म्हणजे १४१५ ला फ्रेंचांशी लढलेलं इंग्लिश सैन्य रंगवणाऱ्यांची मजा आहे, कपडे कसलेही द्या, वर क्रॉस काढा, काम झालं. पण घरच्या भांडणात दोन्हीकडे इंग्रजच, तिथे क्रॉस बघून आपला कोण आणि परका कोण कळणार कसं? मग उरतात ते सरदारांचे रंग आणि त्यांची चिन्हं.

आता रंगांकडे येऊ. यॉर्क घराण्याचे मरी आणि निळा, मरी म्हणजे पिकलेल्या तुतीचा जांभळट लाल, बाटलीतला तयार जांभळा सरळ लावला तर चुकतो, त्यात थोडा तपकिरी टाका. वॉरिकच्या अर्लचे लोक लाल जॅकेटात, त्यावर पांढरी खडबडीत काठी, १४५८ मध्ये तो असे ६०० लोक घेऊन लंडनमध्ये शिरला होता म्हणतात, काय दिसलं असेल ते! बकिंगहॅमचे लाल-काळे आणि चिन्ह दोरीची गाठ. ऑक्सफर्डच्या डी व्हेअर घराण्याचा तांबूस तपकिरी, चिन्ह तारा. ट्यूडरांचे पांढरा-हिरवा, आजच्या वेल्सच्या झेंड्यात लाल ड्रॅगनच्या मागे हेच दोन दिसतात. शिवाय शहरांची पथकं वेगळी, टौटनच्या लढाईवरच्या एका जुन्या कवितेत कॉव्हेन्ट्रीचा काळा मेंढा, ब्रिस्टलचं जहाज, लेस्टरचा ग्रिफिन (गरुडाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेला काल्पनिक प्राणी) अशी निशाणांची जंत्रीच आहे.

चिन्हं सारखी दिसली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे बार्नेट, १४ एप्रिल १४७१. दाट धुकं. वॉरिक आणि ऑक्सफर्ड एका बाजूला, समोर यॉर्कचा चौथा एडवर्ड. ऑक्सफर्डच्या लोकांनी समोरची बाजू मोडली, पळणाऱ्यांच्या मागे लागून गावात लूट करत बसले आणि परत आले तेव्हा लढाईची रांगच फिरलेली, समोर आले ते आपल्याच बाजूचे, वॉरिकच्या भावाचे लोक. त्यांना धुक्यात दिसला किरणांचा तारा आणि वाटला तो एडवर्ड राजाचा किरणांचा सूर्य, झालं, बाण सुटले. 'दगा, दगा' ओरडत ऑक्सफर्डवाले पळाले, आणि त्या दिवशी वॉरिक आणि त्याचा भाऊ दोघंही मेले. बार्नेट खेळणाऱ्यांनी तारा आणि सूर्य मुद्दाम थोडे सारखेच काढावेत असं माझं मत.

कपडे वाटायचं हे प्रकरण राजांना डोकेदुखी होतं, कारण आज कापड घेणारा उद्या त्या सरदारासाठी काठी घेऊन कोर्टाबाहेर उभा. १३९० पासून यावर नियम, १४६८ ला चौथ्या एडवर्डचा कायदा, तरी थांबलं नाहीच. सातव्या हेन्रीच्या काळात, १५०७ मध्ये, बर्गाव्हेनीच्या लॉर्डला ४७१ माणसं बेकायदा बाळगली म्हणून ७०,६५० पौंड दंड ठोकला, माणशी महिन्याला ५ पौंड आणि महिने ३०, गुणाकार करून बघा. मजा म्हणजे राजे स्वतः हेच करायचे. तिसऱ्या रिचर्डने १४८३ मध्ये मुलाला प्रिन्स ऑफ वेल्स करायच्या सोहळ्यासाठी जाड्याभरड्या फस्टियन कापडावरचे १३,००० पांढरे रानडुक्कर, म्हणजे त्याचं स्वतःचं चिन्ह, मागवले होते. इतक्या ठोक मालात नाजूक भरतकाम कुठून येणार, त्यामुळे आपणही ब्रशने ठसठशीत डुक्कर काढलं तरी चालतं, मी तरी यावर समाधान मानतो.

आणखी एक, लिव्हरी म्हणजे फक्त वरचं जॅकेट किंवा बंडी. खाली गोधडीसारखा थर देऊन शिवलेला जॅक, तो बहुतेकांचा साधा लिननचा मळकट. पायातले होज, म्हणजे घट्ट विजारी, ज्याच्या त्याच्या. सगळ्यांचे पाय एकाच रंगात रंगवले की पलटण बँडपथकासारखी दिसायला लागते.

रंग यायचे झाडांतून. निळा वोड नावाच्या झाडाचा, त्यात रंगद्रव्य तेच जे आपल्या निळीत. लाल मॅडरचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेचीच बहीण, म्हणून तो विटकरीकडे झुकतो, भडक शेंदरी नाही. पिवळा वेल्ड नावाच्या झाडाचा. हिरवं झाड काही हिरवा रंग देत नाही, म्हणून वोडवर वेल्ड चढवून हिरवा करायचे, आणि उन्हात आधी विटतो तो वेल्डचा पिवळा, हिरवं कापड हळूहळू निळसर होत जातं. माझ्या बॉसवर्थच्या (१४८५ ची लढाई) ट्यूडर तिरंदाजांत म्हणून तीन-चार जण मुद्दाम निळसर हिरवे आहेत, जुनी जॅकेटं घालून आलेले, आणि बघणारा प्रत्येक जण विचारतो की हिरवा रंग संपला होता का.