४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचे फोटो का काढायचा?

परवा भाचा नवा फोन दाखवायला आला. "मामा, दोनशे मेगापिक्सेल!" मी कपाटातला नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू काढून त्याच्या हातात दिला. कॅमेऱ्याच्या फुगवट्यापाशी जवळजवळ १८ मिलिमीटर जाड. "हा कसला डबा?"

डबा खराच. फेब्रुवारी २०१२ मध्ये बार्सिलोनात तो जाहीर झाला, तेव्हाच त्यातली सिम्बियन ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हातारी झाली होती. एका कोअरचा १.३ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ४ इंची पडद्यावर ६४० × ३६० पिक्सेल. कॅमेरा तेवढा ४१ मेगापिक्सेलचा. आणि नेहमीच्या सेटिंगवर फोटो निघायचे ते फक्त ५ मेगापिक्सेलचे, म्हणजे ५० लाख ठिपक्यांचे!

पाऊस भुरभुरतोय आणि अंगणात सारख्या मापाच्या वाट्या मांडल्यात असं समजा. प्रत्येकीत सरासरी १०० थेंब पडतात, पण एकीत ९२, दुसरीत १०९. थेंब काही मोजूनमापून पडत नाहीत. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० थेंबांचा, दहा टक्के. आता सात वाट्या एका पातेल्यात ओता: ७०० थेंब, चढउतार साधारण २६. चार टक्क्यांच्याही आत आला. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने, फोटॉन नावाच्या कणांच्या रूपात पडतो, आणि कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, एकेक पिक्सेल ही एकेक वाटी. अंधुक खोलीतल्या फोटोत दिसणारे रवाळ ठिपके बरेचसे या चढउताराचेच. नोकियाने साधारण सात पिक्सेल मिळून फोटोतला एक ठिपका केला.

दुसरा फायदा रंगांचा. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी, एकच काच असते. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे. सात जणांचा गट केला की त्यात तिन्ही रंग मोजलेले सापडतात, अंदाजावर फारसं विसंबावं लागत नाही. झूम करताना गट लहान करत मधला भाग घ्यायचा. साधारण तिप्पट झूमपर्यंत एकही पिक्सेल बनावट नाही.

हे जमलं ते सेन्सर मोठा होता म्हणून. एक पिक्सेल १.४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तेव्हाच्या आयफोन ४एस इतकाच. सेन्सरचं क्षेत्रफळ मात्र त्याच्या सुमारे पाचपट. फुगवटा त्यासाठीच. आजच्या २०० मेगापिक्सेल सेन्सरमध्ये पिक्सेल ०.६ मायक्रॉनच्या आसपास असतो. एफ/१.७ इतक्या मोठ्या तोंडाच्या निर्दोष भिंगातूनही हिरव्या प्रकाशाचा बिंदू विवर्तनामुळे, म्हणजे भिंगाच्या तोंडातून जाताना लहरी पसरतात त्यामुळे, २ मायक्रॉनहून मोठा होतो, म्हणजे एकच बिंदू तीन-चार पिक्सेलांच्या रुंदीवर सांडतो. तपशील २०० मेगापिक्सेलचा येणार कुठून?

  

८०८ हा नोकियाचा शेवटचा सिम्बियन फोन ठरला. त्याची १४०० एमएएचची बॅटरी मागचं झाकण उघडून बदलता येते, तेवढ्यावर माझा अजून सुरू होतो.

भाच्याला त्याच्याच फोनमधल्या ताज्या फोटोचा तपशील उघडायला लावला. ४०८० × ३०६० पिक्सेल. त्याने कॅल्क्युलेटर काढला. जेमतेम साडेबारा मेगापिक्सेल.

"मग सोळा-सोळा एकत्र करतोय की हा!"