भयग्रस्त घोड्यांचे सौम्य पुनर्वसन

मारहाण, उपासमार किंवा चुकीच्या हाताळणीमुळे माणसाची धास्ती घेतलेल्या घोड्याला बळजबरी न करता पुन्हा माणसाच्या सहवासात आणण्याच्या पद्धतींना सौम्य पुनर्वसन म्हणतात. घोडा हा मूलतः शिकार होणारा, कळपाने राहणारा प्राणी असून धोका जाणवताच पळणे हे त्याचे पहिले संरक्षण असते. पळण्याची वाट बंद झाली तरच तो सहसा लाथ मारतो किंवा चावतो. त्यामुळे ‘खोडकर’ ठरवलेले अनेक घोडे वस्तुतः घाबरलेले किंवा दुखण्याने त्रासलेले असतात.

याच कारणाने प्रशिक्षणापूर्वी पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. दात, खूर व पाठ यांतील वेदना आणि न बसणारे खोगीर ही दुर्वर्तनामागची नेहमीची कारणे होत. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम भरपूर धान्य दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून तो दगावू शकतो. म्हणून लसूणघासासारखा चारा थोडाथोडा, दिवसातून अनेकदा देतात. दुसऱ्या शांत घोड्याची सोबतही याच टप्प्यावर द्यावी, कारण एकटेपणा हाच कळपातल्या प्राण्याला मोठा ताण असतो.

प्रत्यक्ष कामात अंतर किती ठेवायचे हे घोडा ठरवतो. घोड्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसत असले, तरी कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा भाग त्याच्या नजरेआड राहतो; म्हणून हाताळणाऱ्याने खांद्याच्या बाजूने, तिरकस चालीने पुढे यावे. घोड्याने मान उंचावली, नाकपुड्या ताणल्या किंवा डोळ्यांतील पांढरा भाग दिसू लागला, की तिथेच थांबावे आणि तो सैलावताच स्वतः मागे सरावे. हे मागे सरणे हेच त्याचे बक्षीस असते. स्पर्शाची सुरुवात चेहऱ्याऐवजी आयाळ संपते तिथल्या भागापासून करतात. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्या जागी खाजवल्याने हृदयाची गती मंदावते. म्होरकी, दोर, खरारा अशा भीतीच्या वस्तूही आधी दुरून, मग जवळून, चाऱ्याच्या जोडीने दाखवल्या जातात.

ही दृष्टी सर्वस्वी नवी नाही. इ. स. पू. चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये असे बजावले होते. १८५८ मध्ये अमेरिकन प्रशिक्षक जॉन रॅरी याने इंग्लंडमध्ये क्रूझर नावाचा हिंस्र मानला गेलेला घोडा वश करून कीर्ती मिळवली. चाबकाच्या तुलनेत त्याची रीत दयाळू होती खरी. परंतु तिच्यात पुढचा पाय बांधून घोड्याला आडवे करणे अंतर्भूत होते, आणि आजच्या निकषांवर तिला सौम्य म्हणणे कठीण आहे. गोल रिंगणात घोड्याला थकेपर्यंत पळवून तो ‘शरण’ आल्याचे मानणाऱ्या काही आधुनिक प्रयोगांवरही हाच आक्षेप येतो. सुटका नाही हे कळलेला घोडा निश्चल उभा राहतो, आणि ती हतबलता पुष्कळदा शांतपणा समजली जाते. खरोखर सैलावलेला घोडा मान खाली घेतो, आजूबाजूला कुतूहलाने पाहतो आणि चारा खात राहतो. हतबल घोडा मात्र सभोवतालची दखलच घेत नाही.

पुनर्वसनाला निश्चित मुदत नसते. एका माणसावर बसलेला विश्वास दुसऱ्यावर आपोआप बसत नाही, म्हणून पुढच्या टप्प्यात वेगवेगळ्या व्यक्ती व जागा क्रमाने आणल्या जातात. जुनी भीती पुसली जात नाही, ती नव्या अनुभवांखाली दबते आणि अचानक उफाळूही शकते. अशा वेळी आधीच्या सोप्या टप्प्यावर परततात. काही घोडे पुन्हा कधीच स्वारीयोग्य होत नाहीत, तेव्हा खूर तासणे आणि औषधोपचार निर्धोकपणे करता येणे एवढेच उद्दिष्ट ठेवले जाते.