आयआयटीचा कोर्स केला म्हणजे आयआयटीत लागला का?

नौपाड्यात मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. गेल्या डिसेंबरात एका विद्यार्थ्याची आई क्लासवर पेढे घेऊन आली. "सर, आमचा आयआयटीत लागला!" मुलगा अकरावीत, म्हणून मी जरा चपापलो. त्याने मोबाईल पुढे केला. एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या सरकारी उपक्रमाचं प्रमाणपत्र होतं, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या बारा आठवड्यांच्या कोर्सचं, वर आयआयटीचं नाव.

पोराने मेहनत केली होती यात शंका नाही. दर आठवड्याला असाइनमेंट, बारापैकी चांगल्या आठांचे २५ गुण, बाकी ७५ केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. इथे नाव कुणीही नोंदवू शकतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. पण हा एक विषय झाला. त्याचे क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर पदवीच्या हिशोबात जमा होणारे अंक, पदवीत धरले जातात, तेही आपल्या कॉलेजने मान्य केले तर. अकरावीच्या मुलाला पदवीचं कॉलेजच मिळालेलं नसतं, मग क्रेडिट जमा करणार कुठे?

त्या माउलीच्या मनात होती ती गोष्ट वेगळी: आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस (बॅचलर ऑफ सायन्स) पदवी, २०२० साली सुरू झालेली. तिला जेईई लागत नाही, म्हणून लोकांना ती सोपी वाटते. आधी चार आठवडे चार विषय शिकायचे: इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कम्प्युटेशनल थिंकिंग. असाइनमेंटमध्ये पुरेसे गुण पडले तरच पात्रता परीक्षेला बसता येतं, आणि तीही केंद्रावर जाऊनच द्यायची. अकरावीची परीक्षा दिलेल्यांनाही ती देता येते, मात्र प्रत्यक्ष प्रवेश बारावी पास झाल्यावर. पुढे १४२ क्रेडिट पुरे केले की बीएस. व्हिडिओ दोन्हीकडे घरी बसून बघायचे, त्यामुळे घरच्यांना फरक कळत नाही.

माझं विचाराल तर अकरावीत एनपीटीईएलचा एखादा छोटा, चार आठवड्यांचा कोर्स करून बघावा. पहिल्या आठवड्यात सगळेच उत्साहात असतात. तिसऱ्या आठवड्याची असाइनमेंट कॉलेजच्या युनिट टेस्टच्या आदल्या रात्री भरायची वेळ आली, की आपल्याला ऑनलाइन झेपतं का ते कळतं.

आईंना हे सगळं सांगितलं. त्या जरा हिरमुसल्या. मी मात्र दुसरा पेढा उचलला. पोराला पायथन खरंच येत होतं.