कार्तवेली भाषांतली नाती: शब्द आले कुठून?

जॉर्जियन भाषेत बापाला ‘मामा’ म्हणतात आणि आईला ‘देदा’. जगभरच्या गमतीदार शब्दांच्या यादीत ही जोडी हमखास सापडते, पण भाषांचा इतिहास शोधताना तिचा फारसा उपयोग नाही. मा, दा, बा हे तान्ह्या मुलाचे पहिले उच्चार. त्यातला कुठला बापाचा आणि कुठला आईचा, हे मोठी माणसं ठरवतात. असे शब्द जुळले म्हणून भाषा एका कुळातल्या ठरत नाहीत.

खरी साक्ष ‘भाऊ’ या शब्दाची. जॉर्जियन ज्या कार्तवेली कुळातली, त्यात चार भाषा येतात: जॉर्जियन, पश्चिम जॉर्जियातली मेग्रेली, मुख्यतः तुर्कस्तानच्या काळ्या समुद्रकाठची लाझ आणि कॉकेशसच्या उंच खोऱ्यांतली स्वान. पाचव्या शतकापासूनचं लेखन आहे ते फक्त जॉर्जियनमध्ये. बाकीच्यांचा भूतकाळ तुलना करूनच काढावा लागतो. भाऊ जॉर्जियनमध्ये ‘ज्मा’, मेग्रेलीत ‘जिमा’, लाझमध्ये ‘जुमा’, स्वानमध्ये ‘जमिल’. देवनागरीत सगळे ज सारखेच दिसतात, पण जॉर्जियनमधला ज ‘जवळ’मधला आहे आणि इतर तिघींमधला ‘जीव’मधला. हीच अदलाबदल इतर शब्दांतही नेमाने दिसते, म्हणून तिला योगायोग म्हणता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्द चिकोबावा यांनी 1938 मध्ये आणि गेओर्गी क्लिमोव यांनी 1964 मध्ये या भाषांचे कोश रचले ते अशाच जुळणीच्या आधारावर. लाझ लोकांनी बापासाठी तुर्की ‘बाबा’ उचलला, ‘जुमा’ मात्र घरचाच ठेवला.

स्वान या कुळातून सर्वांत आधी फुटली असं मानतात, आणि तिचा हिशेबही वेगळा. ‘जमिल’ हा फक्त बहिणीचा भाऊ. भावाच्या भावाला दुसराच शब्द. बहिणींचंही तसंच: भावाची ‘दाच्विर’, बहिणीची ‘उदिल’.

पुढची नाती जॉर्जियनने जोडून बनवली. ‘दा’ म्हणजे बहीण, म्हणून मावशी ‘देइदा’ आणि आत्या ‘मामिदा’. आपली मावशीही ‘मातृष्वसा’, म्हणजे आईची बहीणच. मावसभाऊ असो की मावसबहीण, दोघंही ‘देइदाश्विली’. ‘श्विली’ म्हणजे अपत्य. मूळ धातू जन्म देण्याचा. हाच शब्द पूर्व जॉर्जियातल्या आडनावांच्या शेवटी येतो. स्टालिनचं मूळ आडनाव जुगाश्विली. पश्चिमेकडे त्या जागी ‘द्झे’ असतो, मुलगा या अर्थाचा जुना शब्द, जॉर्जियाचे माजी राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे यांच्या आडनावातला.